सहावा चौकोन

१

मला कोणी काही शिकवलेलं नाही. शाळा चौथीत सुटली. चित्रं काढायला, कॉम्प्युटर चालवायला आणि लोकांना तोंडावर उत्तर द्यायला मी माझी मीच शिकले. हे आधी सांगून घेते, कारण या हकिकतीत मान वर करून सांगण्यासारखं एवढंच आहे.

सकाळचा चहा झाला की मी टेबलाशी बसते. टेबल बाहेरच्या खोलीत, गॅलरीच्या दाराकडे तोंड करून मांडलेलं. पाठीमागे आतल्या खोलीचं दार, समोर गॅलरी, आणि गॅलरीत धाकटीच्या कुंड्या. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली ती एक ट्रंक आणि मोगऱ्याची एक कुंडी घेऊन. बघता बघता गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. तिच्या हाताला गुण. वाळकी काडी खोचली तरी पालवी फुटायची.

"ताई, मातीला विचारावं लागतं," ती म्हणायची. विचारायचं म्हणजे काय, तर प्रत्येक कुंडीत दोन बोटं खुपसायची आणि माती ओली की कोरडी ते बघायचं. कोरडी असली तरच पाणी. पाणी घालून झालं की झारीची तोटी कुंडीच्या काठावर दोनदा आपटायची. ठक, ठक. शेवटचा थेंबही झाडाचाच. तो आवाज बंद झाला की मी कॉम्प्युटर सुरू करायची. आमच्या घरातलं तेच घड्याळ.

उभा जन्म मी दोसुतीवर भरतकाम केलं. कापडाची घरं मोजायची आणि प्रत्येक घरात एक टाका घालायचा. डोळ्यांनी दगा दिला, सुई ओवेना, तेव्हा कोणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरवर चित्र हवं तेवढं मोठं करता येतं. दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आजी, नातवासाठी हवा का?" म्हटलं, "नातू नाही. असता तरी त्याला हात लावू दिला नसता."

माऊस हातात बसावा म्हणून शेतीचा एक खेळ खेळायला घेतला. बी पेरा, पाणी घाला, पीक काढा. खेळ छान, पण झाडं कोणी काढली होती देव जाणे. टोमॅटोला वांग्याची पानं! मी तसं लिहून कळवलं. पलीकडून उत्तर आलं, "मग बाई, तुम्हीच काढा ना." उत्तर देणारी होती एक दातांची डॉक्टरीण. पेशंट नसले की ती आणि तिच्यासारखे काही जण त्या खेळात आपल्या पदरचं काहीबाही घालत बसतात. नवी घरं, नव्या गाई. खेळ दुसऱ्याचा, भर आपली. त्याला ते मॉड म्हणतात. तिच्या मॉडमध्ये बाग होती आणि बागेत झाड नव्हतं.

तेव्हापासून मी झाडं काढते, माऊस सोडून कॉम्प्युटरला जोडलेल्या पेननं. बारीक बारीक चौकोनी ठिपक्यांचं काम, म्हणजे दोसुतीच. प्रत्येक झाडाची एक पट्टी. पट्टीत पाच चौकोन. पहिल्यात कोंब, दुसऱ्यात रोप, तिसऱ्यात भरलेलं झाड, चौथ्यात फूल. खेळणाऱ्यानं पाणी घातलं नाही तर झाड वाळतं, त्यासाठी पाचवा चौकोन. झाडाखाली मातीचा पट्टा काढायचा, आणि मागची जागा अगदी मोकळी ठेवायची. तिथे एक ठिपका जरी राहिला तरी खेळात झाडाच्या मागे काहीतरी उभं असल्यासारखं दिसतं.

माझी एकच अट होती, आणि ती मी सगळ्यांना सुनावून ठेवली होती. बघितल्याशिवाय मी काढत नाही. फोटोवरून नाही, आठवणीतून नाही. समोर जिवंत झाड हवं.

२

खेळणाऱ्यांनी माझं नाव पानवाली ठेवलं होतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण एक दिवस त्यांच्यातल्याच कुणी लिहिलं, "पानवालीची जिवंत झाडं झकास. मेलेली मात्र मेल्यासारखी वाटत नाहीत. दुपारची झोप काढताहेत असं वाटतं."

मी नाकावर माशी बसू देत नाही. दिवसभर ते वाक्य माझ्या कानात घोंघावत राहिलं. डॉक्टरणीला फोन केला. तिच्याकडे मागे दात कोरायचं यंत्र घूं घूं करत होतं.

"सोडून द्या हो बाई," ती म्हणाली. "वाळलेलं झाड बघतंय कोण?"

"ज्यानं लिहिलं त्यानं बघितलं."

"अहो, जबड्यात रूट कॅनाल अर्धवट ठेवून मी तुमच्याशी बोलतेय."

"माणसाचा का?"

"नाही, मगरीचा. ठेवू का फोन?"

फोन ठेवला आणि गॅलरीकडे बघत बसले. लिहिणारा खरं बोलला होता. वाळलेलं झाड मी कधी बघितलंच नव्हतं. बघणार कुठे? धाकटीच्या गॅलरीत काही मरतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी आंघोळीला गेली. किटलीत पाणी होतं. उकळतं नव्हे, पण बोट घालवणार नाही इतकं गरम. त्यात मूठभर मीठ टाकलं, ढवळलं आणि कोपऱ्यातल्या बेगोनियाला घातलं. माती ते पाणी पिताना बारीक आवाज करते. चुळचुळ, चुळचुळ. न्हाणीघरातून धाकटीचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी किटली विसळून जागच्या जागी ठेवली आणि टेबलाशी येऊन बसले.

मग मी बघितलं. उठले नाही, जेवले नाही, नुसती बघत राहिले आणि काढत राहिले. झाड कसं मरतं हे मला त्या दिवशी समजलं. आधी मान जाते. पानं नंतर जातात. हिरवा रंग एकदम उडत नाही, कडेकडेनं मागे सरतो, जसं वस्तीतून एकेक माणूस उठून जावं. मी तीन तपकिरी रंग नवे तयार केले. एक उजेडातला, एक सावलीतला, एक कडेचा. असे रंग माझ्या हातून पूर्वी कधी उतरले नव्हते.

धाकटीनं झाड बघितलं. मातीत दोन बोटं घातली. कितीतरी वेळ ती तशीच वाकून होती.

"ओली आहे गं, ताई. माती तर ओली आहे. मग हे असं का?"

"कीड असेल," मी म्हटलं.

त्या आठवड्यात एका खेळणाऱ्यानं लिहिलं, "पानवालीचं वाळलेलं झाड बघितलं आणि मला रडू आलं. पाणी घालायला विसरलो याची लाज वाटली." मी ते धाकटीला वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "किती गं तुझं कौतुक!"

३

बेगोनियानंतर शेवंतीला किटली लागली. तिची पट्टी पाठवली आणि डॉक्टरणीचा फोन आला.

"बाई, हे सहावं चित्र कशाला? खेळात पाचच टप्पे आहेत. सहावं बसवू कुठे?"

"सहावं कुठलं? मी पाच पाठवली."

"सहा आहेत. चांगलं जमलंय हो, पण बसवायला जागाच नाही."

"पेशंटचे दात मोजतेस ना नीट? की तिथेही एखादा जास्तीचा काढतेस?"

ती हसली. मीही हसले. मग पट्टी उघडून बघितली तर सहा चौकोन.

सहाव्यात शेवंती होती. पाचव्यासारखीच, मान टाकलेली. तीच काडी, माझेच तीन तपकिरी. फरक एवढाच, की खालच्या मातीत दोन खळगे होते. शेजारी शेजारी, जसे दोन बोटांनी पडतात.

मी स्वतःला समजावलं. म्हातारपण आहे, हात वाहवला असेल. रोज डोळ्यांसमोर धाकटी मातीत बोटं घालते, तेच उतरलं असेल. पाचवा चौकोन पुन्हा करून बघितला असेल आणि पुसायचा राहिला असेल. सगळं पटण्यासारखं होतं. एकच गोष्ट पटत नव्हती. माझ्या हातचा ठिपका मी ओळखते. भरतकाम करणारी बाई आपला टाका हजारात ओळखते. हे ठिपके चांगले होते, नेटके होते, आणि माझे नव्हते.

मी सहावा चौकोन पुसला. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

४

यानंतर मी थांबायला हवं होतं. नाही थांबले. कारण विचाराल तर कारण फार लहान आहे, लाज वाटावी इतकं लहान. लोक वाहवा करत होते. आयुष्यभर माझं भरतकाम कोणाकोणाच्या उशांवर, पडद्यांवर गेलं, त्यावर माझं नाव कधी नव्हतं. इथे होतं.

तेरडा गेला. जिरेनियम गेला. सदाफुली चिवट निघाली, तिला दोनदा घालावं लागलं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते हे. दर वेळी किटली, दर वेळी मीठ, दर वेळी न्हाणीघरातलं गुणगुणणं. पुढे ते गुणगुणणं बंद झालं आणि नुसतं तांब्याचं पाणी पडताना ऐकू येऊ लागलं.

प्रत्येक पट्टीत सहावा चौकोन येत होता. मी झोपायला जाताना पाच असायचे, सकाळी उघडलं की सहा. मातीत ते दोन खळगे ठरलेले. तेरड्याच्या वेळी मात्र झाडाच्या मागच्या मोकळ्या जागेतही काही ठिपके दिसले. करडे, विखुरलेले. माझ्याआधी ते डॉक्टरणीनं पाहिले.

"बाई, मागे कचरा राहिलाय. तेवढा पुसून द्या ना."

पुसला. जिरेनियमच्या वेळी कचरा जास्त होता, आणि तो कचऱ्यासारखा दिसत नव्हता. एक आडवी रेघ होती, तिच्याखाली दोन उभ्या. टेबल असावं तसं. मी चित्र लहान करून बघितलं, मोठं करून बघितलं. सदाफुलीच्या मागे तर टेबलावर चौकोनी काहीतरी होतं आणि त्याच्यामागे एक पांढुरका गोळा.

तेव्हा मला जाणवलं. मी खोलीतून गॅलरीकडे बघत झाडं काढते. हे कोणीतरी गॅलरीतून खोलीकडे बघत काढलं होतं. कुंडी जिथे आहे तिथून.

मी गॅलरीचं दार लावून घेतलं. भर दुपार होती. मग स्वतःचाच राग आला आणि उघडलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. म्हटलं, खेळात जाऊन बघू, तिथे तरी सगळं जागेवर असेल.

डॉक्टरणीनं मला बघायला म्हणून त्या बागेत एक वाफा दिला होता. माझं बाहुलं चालत तिथे गेलं. सदाफुली वाळलेली होती, पाचव्या चौकोनातली, माझी. मी पाणी घालायचं बटण दाबलं. बाहुल्यानं झारी वाकडी केली. पाण्याचा आवाज आला. मग ठक, ठक.

मी गॅलरीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. धाकटी आत झोपली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. पुन्हा बटण दाबलं. पाणी. ठक, ठक.

डॉक्टरणीला विचारलं, "पाण्याच्या आवाजात नवीन काही घातलंस का?"

"आवाजाला कोणी हात लावलेला नाही, बाई. का?"

"काही नाही."

संध्याकाळी धाकटी माझ्याजवळ येऊन बसली. हाताचे तळवे वर करून मांडीवर ठेवले होते, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखे.

"ताई, माझ्या हाताला काय झालं असेल गं?"

"काही नाही झालं."

"मी विसरत असेन. सकाळी पाणी घालते, मग विसरते, पुन्हा घालते. म्हणून माती ओली लागते. कुजतात बिचारी." तिनं तळवे पालथे केले. "माझ्या सासूचं असंच सुरू झालं होतं. आधी दूध उतू जायचं. मग आम्हाला ओळखेना."

बोल, मी स्वतःला म्हटलं. एक वाक्य आहे. बोलून टाक.

"चहा घेणार का?" मी विचारलं.

५

रविवारी भाची आली. धाकटीची मुलगी, शाळेत शिकवते, आणि शाळा सुटली तरी तिचं शिकवणं सुटत नाही. चपला काढायच्या आधी ती गॅलरीत गेली. रिकाम्या कुंड्या बघितल्या. एका मोगऱ्यात तेवढा जीव होता. त्याला मी हात लावला नव्हता. एवढी लाज माझ्यात तेव्हा शिल्लक होती, असं मला वाटत होतं.

"आई, आज वार कोणता?" तिनं विचारलं.

"तुला ठाऊक नाही? मग शाळा बुडवून आलीस की काय?" धाकटी म्हणाली.

मला हसू आलं. भाचीला आलं नाही.

"काल रात्री काय जेवलीस?"

"ताईनं केलं ते. नावं ठेवू नकोस, तिला ऐकू येतं."

"आई, मी गंभीरपणे विचारतेय. ही झाडं कशी गेली?"

धाकटीचा चेहरा उतरला. "मी दोनदा पाणी घालत असेन गं," ती हळूच म्हणाली. "मला आठवत नाही."

भाची माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही चोवीस तास बरोबर असता. खरं सांगा. विसरते ना हल्ली?"

कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. धाकटी माझ्याकडे बघत होती. घाबरून नव्हे. लहानपणी अंधारात जिना उतरताना ती माझा पदर धरायची, तेव्हा अशी बघायची. ताई सांगेल तसं.

मी टेबलावरचं पेन सरळ केलं.

"विसरते थोडी," मी म्हटलं. "हल्ली."

धाकटीनं मान हलवली. मला दोष द्यायला नव्हे, तर पटल्यासारखी. ताई म्हणते म्हणजे असेलच.

भाचीनं सगळं ठरवूनच आणलं होतं. एक जागा आहे, नर्स असतात, चोवीस तास लक्ष असतं. दाराला कुलूप असतं, ते त्यांच्याच भल्यासाठी.

"झाडं आहेत का तिथे?" धाकटीनं विचारलं.

"आहेत की. प्लॅस्टिकची आहेत, पण खरी वाटतात. पाणी घालायची कटकट नाही."

"बरं," धाकटी म्हणाली.

मी मूग गिळून बसले होते. जिच्या जिभेला सगळं गाव घाबरतं ती मी.

६

ती गेली त्या दिवशी ट्रंक भाचीनं उचलली. धाकटीला मोगरा न्यायचा होता. माती चालत नाही तिथे, भाची म्हणाली. मग धाकटी गॅलरीत गेली, मोगऱ्याच्या मातीत दोन बोटं घातली, पाणी घातलं, ठक ठक केलं. दाराशी येऊन माझा हात धरला. तिच्या बोटांना माती होती, ती माझ्या मनगटाला लागली.

"मोगऱ्याला रोज विचार गं, ताई. मी असते तरी विसरले असते. तू नाही विसरायचीस."

"नाही विसरणार," मी म्हटलं.

विसरले नाही. हे मला लिहायलाच हवं. मी एक दिवसही विसरले नाही. रोज सकाळी चहा झाला की मोगऱ्याकडे बघायची आणि मला आठवायचं, पाणी घालायचंय. डॉक्टरणीच्या बागेत शेवटचा वाफा मोगऱ्यासाठी राखलेला होता. चार चौकोन मी कधीच काढून ठेवले होते. पाचवा राहिला होता. यात मीठ नाही, किटली नाही, मी काहीच करत नाही, असं मी मनाशी म्हणायची. नुसती थांबतेय. आजचा रंग धरला की उद्या पाणी घालते. झारी भरलेली होती. टेबलापासून चार पावलांवर, गॅलरीच्या कठड्यावर. मी पेन उचलत होते.

आधी मान गेली. मग पानं.

ज्या दुपारी पाचवा चौकोन पुरा झाला त्या दुपारी मी पेन खाली ठेवलं आणि डोळे चोळले. बाहेर ऊन लख्ख होतं. समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी झटकत होतं. पुन्हा पडद्याकडे बघितलं, तर पट्टीत सहा चौकोन होते. या वेळी रात्र जायचीही वाट बघितली नव्हती.

सहाव्यात झाड नव्हतं. मातीचा पट्टा होता, त्यात दोन खळगे, आणि खळग्यांतली माती अजून ओली असल्यासारखी काळी. मागची जागा पूर्ण भरलेली होती. टेबल होतं. टेबलावर पडदा होता. पडद्याच्या मागे एक म्हातारी बसली होती, पांढरा अंबाडा, हातात पेन. चेहरा चार-सहा ठिपक्यांचाच, पण त्यात डोळे होते, आणि ते समोर बघत होते, अधाशासारखे. आपण जेवणाऱ्याच्या पानाकडे बघू नये म्हणतात, तसे.

तिचे रंग मला ओळखीचे होते. माझेच तीन तपकिरी. उजेडातला, सावलीतला, कडेचा.

आणि तिची मान गेली होती.

७

मी भाचीला फोन लावला. आवाज सरळ ठेवला.

"झाडं मी मारली," मी म्हटलं. "गरम पाणी आणि मीठ. चित्रासाठी. तुझी आई काही विसरत नाही. मी खोटं बोलले. तिला घेऊन ये."

भाचीचा आवाज आला तो इतका मऊ, की मी फोन कानापासून दूर धरला. मुलं पडली की त्यांच्याशी ती याच आवाजात बोलत असणार.

"मावशी, तुम्ही नीट जेवताय ना?"

"जेवणाचं काय विचारतेस? मी काय सांगतेय ते ऐक!"

"ऐकतेय. तुम्हाला तिची आठवण येते, मला कळतं. तिला परत आणावं म्हणून तुम्ही सगळं स्वतःवर घेताय. असं करायचं नाही, मावशी."

"अगं, किटली दाखवते तुला. मीठ दाखवते!"

"मीठ सगळ्यांच्या घरी असतं," ती म्हणाली. "मी रविवारी येते. आपण तुमच्यासाठीही एकदा डॉक्टरांशी बोलू. एकटं राहिलं की होतं असं."

उभ्या आयुष्यात माझं कोणी खरं मानलं नाही असं झालं नव्हतं. खोटंसुद्धा मानलं होतं. आता खरं बोलले तर मी म्हातारी झाले.

"तिला फोन दे," मी म्हटलं. "तिला सांगते. ती मानेल."

"आई फारशी बोलत नाही हो हल्ली. मी आत्ता तिच्याजवळच आहे. खिडकीत बसलीये." भाचीनं आवाज खाली आणला. "नुसता हात पुढे करते आणि हवेत दोन बोटं टेकवते. आत्ताही तेच चाललंय. कोरडी आहे, म्हणते. काय कोरडी, विचारलं तर सांगत नाही."

फोन माझ्या हातात तसाच राहिला. भाची मावशी, मावशी करत होती. मग तीही थांबली.

समोरची गादी झटकून झाली होती. गॅलरीत मोगऱ्याची काडी उन्हात उभी होती, आणि तिच्यामागे कठड्यावर ठेवलेली झारी आता तिथे नव्हती. मी कुठेतरी उचलून ठेवली असेल, असं मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. घरात दुसरं कोणी नव्हतं, दाराला आतून कडी होती, ती मला बसल्या जागेवरून दिसत होती.

माझ्या मागे आतल्या खोलीचं दार आहे. तिथून गारवा आला.

मानेवर, अंबाड्याच्या खाली, दोन बोटं टेकली. शेजारी शेजारी. त्यांना माती होती, चुरचुरली. बोटं जरा दाबली गेली, तशीच थांबली, जसं कोणी उत्तराची वाट बघतं. मला ओरडायला हवं होतं. मला वळून बघायला हवं होतं. पण मी आयुष्यभर वर धरलेली मान खाली घातली, आणि ती आपोआप जितकी जायची त्याहून जास्त खाली गेली.

घसा सुकून कोरडा पडला होता. इतकी तहान मला कधी लागली नव्हती.

बोटं निघाली. मागे कुठेतरी झारी भरल्याचा आवाज होता, पाणी इकडून तिकडे हिंदकळल्याचा. मी डोळे मिटले आणि एवढंच म्हणत राहिले, पाणी गार असू दे. पाणी गार असू दे.